माझा चष्मा पुसणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. गणवेशावर नावाची पट्टी होती, पण ती वाचण्याच्या अवस्थेत मी नव्हते. वयाने तुम्ही माझ्याहून बऱ्याच लहान असाल. तरी त्या दिवशी मोठेपण तुमच्याकडे होतं, म्हणून ताईच म्हणते. बोटीच्या परतीच्या फेरीत वरच्या मजल्यावर, जिन्याच्या कठड्याला धरून जी बाई खाली बसली होती, ती मी.

आधी जातानाचं सांगते, म्हणजे तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते तुम्हालाही कळेल. तिकीट देणाऱ्याला मी स्पष्ट सांगितलं होतं की मला बोट लागते. त्याने वरच्या मजल्यावरची, अगदी पुढची, मोठ्या काचेसमोरची सीट दिली. म्हणाला, सगळ्यात भारी जागा आहे. बोटीचं नाक जिथे सर्वांत जास्त उचलतं आणि आपटतं, नेमकी तीच ती जागा. अर्ध्या तासात जांभया सुरू झाल्या, तोंडाला पाणी सुटलं, थंड घाम फुटला आणि मग व्हायचं ते झालं. एक कर्मचारी आला. दोन हात लांबून पिशव्यांची चळत माझ्या मांडीवर टाकली आणि निघून गेला. शेजारचे गृहस्थ तीनदा म्हणाले, "मनात आणू नका, काही होत नाही." मागे कोणीतरी मोबाइल माझ्याकडे धरून हसत होतं. पोटातल्या पिळापेक्षा ती लाज मला जास्त लागली.

"मनात आणू नका" हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि आता मला त्याचा राग येतो. आतल्या कानात शरीराचा तोल आणि हालचाल ओळखणारं इंद्रिय असतं. ते मेंदूला सांगतं, आपण वर-खाली होतोय. डोळ्यांना मात्र समोरची सीट आणि भिंत स्थिर दिसते. दोन साक्षी जुळत नाहीत आणि त्या गोंधळाची किंमत पोट मोजतं. दर पाचएक सेकंदांना एकदा असं जे संथ वर-खाली होणं असतं, ते सर्वांत वाईट, असं या विषयावर काम केलेले लोक सांगतात. यात मनाचा कमकुवतपणा कुठे आला? ब्रिटनचा नौसेनापती नेल्सन आयुष्यभर समुद्रावर होता. जोराचा वारा सुटला की आपण आजारी पडतो, असं त्याने 1804 साली, ट्रॅफल्गारच्या लढाईच्या आदल्या वर्षी, पत्रात लिहून ठेवलं आहे. डार्विन 1831 ते 1836 'बीगल' जहाजावरून जगभर फिरला आणि शेवटपर्यंत त्याला बोट लागत राहिली. त्यांना कोणी म्हणावं, मनात आणू नका.

परतीच्या दिवशी वारा जास्त होता. धक्का सोडल्यावर थोड्याच वेळात बोटीने वेग घेतला. 35 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 65 किलोमीटर. शेजारी शेजारी जोडलेल्या दोन तळांच्या या हलक्या बोटी एरवी सरळ पळतात, पण मागून तिरक्या लाटा आल्या की एका बाजूने उचलून, पिळून खाली टाकल्यासारखं होतं. उघड्या डेकवर जाऊन वारा घ्या, हा जुना सल्ला इथे चालत नाही. एवढ्या वेगात सगळ्यांना आतच बसावं लागतं. गोळी मी घेतली होती, पण मळमळ सुरू झाल्यावर. त्या वेळी पोटाचं काम मंदावलेलं असतं, गोळी पुढे सरकतच नाही. माझी तर पाच मिनिटांत बाहेर आली.

तेव्हा तुम्ही आलात. "काय होतंय" हे तुम्ही विचारलंच नाहीत, ते दिसत होतं. दंडाला धरून मला खालच्या मजल्यावर नेलंत, मधोमधच्या जरा मागे, जिथे बोट सगळ्यात कमी हलते. तोंड पुढच्या दिशेला, डोकं सीटच्या पाठीला टेकवून. माझ्या हातातली भरलेली पिशवी तुम्ही तिकीट घ्यावं तशी घेतलीत. चेहऱ्यावर आठी नाही, नाक मुरडणं नाही, घाई नाही. मी "सॉरी, सॉरी" म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "सॉरी नंतर म्हणा. आधी श्वास सोडा, लांब."

पण हे पत्र मी ज्यासाठी लिहायला घेतलं ते यानंतरचं आहे.

माझा चष्मा घाण झाला होता. घाम, डोळ्यांतलं पाणी, आणि पुढचं लिहीत नाही. काचांतून सगळं चिकट, धूसर दिसत होतं आणि त्याने आणखीच गरगरत होतं. भराभर श्वास घेतल्यामुळे बोटांना मुंग्या आल्या होत्या, मला तो काढताही येईना. मी कोणाला काही म्हटलं नव्हतं. तुम्ही तो दोन्ही हातांनी अलगद काढलात. आडव्या हलत्या बोटीतून बेसिनपर्यंत गेलात, धुऊन आणलात आणि माझ्यासमोर गुडघ्यावर बसून स्वतःच्या बाहीच्या आतल्या बाजूने पुसलात. एकदा उजेडाकडे धरून बघितलंत. उजव्या काचेच्या कोपऱ्यात काहीतरी राहिलं होतं, ते पुन्हा पुसलंत. मग कपाळाला चिकटलेले माझे केस बाजूला केलेत, आधी एक काडी कानामागे, मग दुसरी, आणि विचारलंत, "ती रेघ दिसते का आता?"

दिसली. खिडकीबाहेर पाणी आणि आकाश जिथे मिळतात ती रेघ. त्या सबंध हलणाऱ्या जगात तेवढीच जागची जागी होती. "तिच्याकडेच बघत राहा," म्हणालात, आणि दुसऱ्या कोणाची पिशवी घ्यायला गेलात.

बरं वाटायला लागलं असं मी म्हणणार नाही. कोरडे उमासे नंतरही आले. पण त्यानंतर मला लाज वाटली नाही, आणि धक्क्याला लागेपर्यंतचा वेळ मी माणसासारखी काढला. मधून मधून तुम्ही येत होतात आणि किती वेळ राहिला ते खरं खरं सांगत होतात. "झालंच आता" असं एकदाही म्हणाला नाहीत. "अजून पस्तीस मिनिटं आहेत, त्यातली शेवटची दहा शांत पाण्यात." मला ते फार बरं वाटलं, फसवलं नाही म्हणून.

तो कोपरा पुन्हा पुसायला तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. कामाच्या नियमांत तसं काही लिहिलेलं असेल असं मला वाटत नाही. चांगुलपणाबद्दल आपण बोलतो तेव्हा मोठमोठ्या त्यागाच्या गोष्टी काढतो. मला मात्र तेव्हापासून अशी माणसं आठवत राहतात: दवाखान्यात दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईची चप्पल सरळ करून ठेवणारी, रडणाऱ्या माणसाकडे न बघता त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवणारी. समोरच्याचं शरीर त्याच्या ताब्यात नसताना त्याचा मान सांभाळणारी. ती असतात, आणि बहुतेक वेळा आपण त्यांची नावं विचारत नाही.

मीही नाही विचारलं. उतरताना मागे वळून बघितलं तर तुम्ही हातमोजे घालून सीटांमधली फरशी पुसत होतात, मान खाली. मागून रांग ढकलत होती. मी उतरले.

मला पुढच्या महिन्यात पुन्हा याच मार्गाने जायचं आहे. डॉक्टरांना विचारलं आहे, गोळी या वेळी बोट सुटण्याच्या तासभर आधी घेईन. सीट खालची, मधली मागून घेईन, कोणी कितीही भारी काच दाखवली तरी. केस बांधून ठेवीन. तुम्ही त्या फेरीवर असाल तर मी हाक मारीन आणि आधी तुमच्या पट्टीवरचं नाव वाचीन.

तुमची,
जिन्यापाशी बसलेली, चष्म्यावाली