तुझ्या त्या गोलविषयी

परभणी,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

फोनच करणार होतो. पण जे सांगायचे आहे ते तू फोनवर पुरे बोलू दिले नसतेस, मध्येच शिव्या घातल्या असत्यास. म्हणून सात-आठ महिने गप्प राहिल्यावर हे पत्र. माझी साखर गोळीवर आटोक्यात आहे, आईचे गुडघे होते तसेच आहेत.

महालक्ष्म्यांच्या आधीच्या आठवड्यात आमच्या मैदानावर चौदा वर्षांखालील मुलांचे फुटबॉलचे सामने झाले. रेषेवर उभे राहायला माणूस कमी पडला आणि विज्ञानाच्या या मास्तराच्या हाती झेंडा आला. (हसू नकोस. ऑफसाइड मला तुझ्याआधी कळला होता, हे तू मेसमध्ये चारचौघांसमोर कबूल केले आहेस.) अंतिम सामना आमच्याच शाळेचा, १-१ अशी बरोबरी आणि चार मिनिटे उरलेली. समोरच्या शाळेच्या पोराने दुरून मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागून खाली आदळला. आमच्या गोलकीपरने झडप घालून तो ओढला आणि लगेच पुढे भिरकावला. पंचांनी माझ्याकडे पाहिले. झेंडेवाल्याने बचावपटूंच्या रेषेत राहायचे असते, तसा मी होतो. गोलरेषा माझ्यापासून वीस पावलांवर, आणि काळ्या मातीवरची फक्की सकाळच्या पावसाने अर्धी वाहून गेलेली. पूर्ण चेंडू पूर्ण रेषेपलीकडे गेला तरच गोल. मला तसे दिसले नाही, म्हणून मी खूण केली नाही. पुढच्याच मिनिटाला आमचा गोल झाला आणि आम्ही जिंकलो.

समोरची पोरे जीपमध्ये बसून निघून गेल्यावर आमचा गोलकीपर प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. "सर, बॉल आत होता," म्हणाला, आणि दोन्ही तळहात वीतभर अंतरावर धरून त्याने ते दाखवलेही. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" असे मी दरडावून विचारले, आणि विचारता विचारताच माझा आवाज बसला. का बसला, ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तुझ्या खोलीवर पाहिलेला विश्वचषकातला ब्लूमफाँटेनचा इंग्लंड-जर्मनी सामना आठव. २७ जून २०१०, संध्याकाळचे साडेसात. जर्मनी २-१ ने पुढे असताना इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू आडव्या दांड्याला लागून चांगला हातभर आत पडला आणि उसळून बाहेर आला. उरुग्वेचे पंच लारिओंदा आणि त्यांचे झेंडेवाले एस्पिनोसा या दोघांनाही तो दिसला नाही. २-२ व्हायचे ते अखेरीस ४-१ झाले. तू रात्रभर एस्पिनोसाला आणि त्याच्या निमित्ताने आपल्या गोविंदला झोडपत होतास, कारण तुझ्या लेखी जगातले सगळे झेंडेवाले गोविंदचे चुलतभाऊ. मी तुला दुजोरा दिला. १९६६ साली वेम्बलीवर झेंडेवाल्या बहरामोव्हने जर्मनीविरुद्ध इंग्लंडला जो गोल देऊन टाकला होता त्याची ही व्याजासकट वसुली, असा विनोदही केला. त्याच मध्यरात्री अर्जेंटिनाच्या तेवेझने मेक्सिकोविरुद्ध ऑफसाइडवरून, म्हणजे नियमाबाहेरच्या जागेवरून, गोल केला. मैदानातल्या पडद्यावर तो सगळ्यांना दिसला, पंच आणि झेंडेवाला कुजबुजत राहिले, आणि तरी तो गोल कायम राहिला, तेव्हा तू उशी भिंतीवर फेकलीस.

पण जर्मनीचा गोलकीपर नॉयर याच्याविषयी आपण चकार शब्द काढला नाही. चेंडूच्या सर्वांत जवळ तो होता. सामन्यानंतर त्याने स्वतःच सांगितले की चेंडू आत गेल्याचे आपल्याला कळले होते, आणि पंचांना शंका येऊ नये म्हणून आपण खेळ झटकन पुढे नेला. ती बातमी मी वाचली होती, दत्ता. तुला दाखवली नाही.

आपल्या २००९ च्या फायनलमधला तुझा गोल हा गोलच होता. तो चेंडू मी रेषेच्या आत पकडला, पोटाशी धरून वळलो आणि त्या वळण्यातच त्याला बाहेर आणले. गोविंद गर्दीच्या पलीकडे होता. त्याला काही दिसणे शक्यच नव्हते. मटणाच्या एका ताटाला तो विकला गेला, असे तू सगळ्या हॉस्टेलभर सांगत फिरलास आणि मी ते ऐकून घेतले. तुझ्या लग्नाच्या पत्रिकांवर नावे घालायला मीच बसलो होतो. त्याचे नाव तू गाळलेस तेव्हाही मी पुढची पत्रिका उचलली. एकदा त्याने मला विचारले होते, "तू तर जवळ होतास ना?" ऊन डोळ्यांवर होते, असे मी सांगितले. सामना संध्याकाळचा होता खरा, पण सूर्य माझ्या पाठीशी होता.

आता या पोराचे काय करू? मी त्याला "निकाल लागला, घरी जा" एवढेच म्हणालो. ते नियमाला धरूनच होते, कारण सामना संपल्यावर निर्णय फिरत नाही. पण तेव्हापासून तो गोलमध्ये उभा राहत नाही, पोट दुखते म्हणतो. समोरच्या शाळेच्या सरांना मी तीनदा पत्र लिहिले आणि तीनदा फाडले. कळवावे, तर पोराचे नाव फुटणार आणि संघातली मुले त्याला फाडून खाणार. न कळवावे, तर हे कसे पचवायचे याचा पहिला धडा त्याला माझ्याकडून मिळणार, आणि त्या विषयात माझा हात कोणी धरणार नाही. माझे स्वतःचे नाव घालून, मला चेंडू नीट दिसला नव्हता, निर्णय चुकला असावा, एवढेच लिहावे असे आता वाटते. पण ते पुन्हा अर्धेच खरे होते. २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलला गोलरेषेसाठी प्रत्येक मैदानावर चौदा कॅमेरे होते. आमच्याकडे दोन्ही गोलांना मिळून एक जाळी आहे आणि तिच्यातून शेळ्या ये-जा करतात.

वहिनींच्या बदलीचे काय झाले? सोयाबीन पाण्याखाली गेले की वाचले? धाकटीला चष्मा लागल्याचे कळले. गाजर खाऊन तो जात नाही, उगाच तिच्यामागे लागू नकोस.

शिव्या द्यायच्या असतील तर रविवारी दे, घरी असतो. त्याआधी गोविंदचा नंबर पाठव. तुझ्याकडे तो नसणार हे मला ठाऊक आहे, पण तुझ्या मेहुण्याकडे आहे. त्याला मीच सांगेन. तू मध्ये पडू नकोस.

तुझा,
सुधाकर