डोकं दुखलं तर बोल

वडगाव, बेळगाव
शनिवार, रात्री

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

ही चिठ्ठी कडक भाकरीच्या डब्यात ठेवतोय. तू भुकेची कच्ची, म्हणजे मिरज यायच्या आत हाती लागेलच. तुझ्या केदारकंठ्याच्या ट्रेकवरून आज झालेलं भांडण डोक्यात ठेवू नकोस. "आप्पा, तुम्हाला त्यातलं काय कळतंय" म्हणालीस. बरोबरच आहे, आमचा जन्म मागाच्या खडखडाटात गेला. पण हल्ली मागाजवळ बसूनही मोबाईलवर नकाशा बघता येतो. तुझा रस्ता मी बोट फिरवत फिरवत पार शेवटपर्यंत पाहिलाय.

गोवा एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री. तिसऱ्या दिवशी पहाटे दिल्लीचं निजामुद्दीन. तिथून काश्मिरी गेट आणि डेहराडूनची बस, तो दिवस त्यातच जाणार. परत दुसऱ्या दिवशी उजाडायला जीप. मसुरी, यमुनेचा पूल, नौगाव, पुरोला, मोरी, आणि मग टोन्स नदीच्या कडेकडेने सांक्री, जिथनं तुमचं चालणं सुरू होणार. दोनशे किलोमीटरला दहा तास, म्हणजे रस्ता कसला असेल बघ. चोर्ला घाटात तुझं काय होतं ते पुष्पाक्काला विचार, तिची साडी अजून तिच्या लक्षात आहे. असं सगळं अंग आंबवून संध्याकाळी पोचायचं आणि सकाळी लगेच पाठीवर पिशवी टाकून बर्फात चालायला लागायचं? मी एवढंच विचारलं होतं. एक दिवस सांक्रीत थांबा, पोटभर जेवा, झोपा, मग जा. रजा मिळत नाही म्हणालीस. एक दिवसाची?

असो. पुन्हा तेच नको.

आबांच्या बैलगाडीतून आम्ही सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला जायचो तेही याच थंडीत, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला. बैलहोंगलच्या पुढं धूळ आणि उसाचा वास. ह्याच कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, रात्री गाडीखाली घोंगडं. जोगळभावीला पोचलं की आम्हा पोरांना कधी एकदा डोंगर चढतो असं व्हायचं. आबा आधी बैल सोडायचे, खूर बघायचे, वैरण टाकायचे आणि बैल खातोय का ते बघत उभे राहायचे. एका वर्षी पाखऱ्यानं वैरणीला तोंडच लावलं नाही. गल्लीतल्या सगळ्या गाड्या भंडारा उधळत वर गेल्या, आमची तिथंच. पुष्पाक्कानं रडून नुसता गोंधळ घातला. आबा कुणाशी एक शब्द न बोलता झाडाखाली आडवे झाले आणि घोरायला लागले. मला त्यांचा इतका राग आला होता म्हणून सांगू! त्यांच्या तंबाखूची पिशवी मी लपवून ठेवली.

कुठून कुठं गेलो. सांगायचं होतं ते डॉक्टरांचं. तुला न सांगता काल त्यांच्याकडे जाऊन आलो, रागावू नकोस. ते म्हणाले, साधारण 8,000 फुटांच्या वर हवा विरळ झाल्याचा त्रास कुणालाही होऊ शकतो. रोज पळणाऱ्यालाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, जेवण नको वाटतं, झोप लागत नाही. आता मला सांग, चार दिवसांच्या प्रवासानं दुसरं काय होतं? हेच की! म्हणजे तुझं डोकं दुखेल आणि तू म्हणशील, प्रवासाचा शीण आहे, चालल्यावर जाईल. माझा जीव तिथं अडकलाय. वर डोकं दुखलं तर ते उंचीचंच धरायचं, दुखत्या डोक्यानं आणखी वर जायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. कुणी झिंगल्यासारखं चालायला लागलं किंवा असंबद्ध बोललं तर रात्र असो काही असो, खाली. आणि पुण्याला चढणाऱ्या तुझ्या मैत्रिणींनी डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, दिली तर घेऊ नको. तुला सल्फाची औषधं चालत नाहीत आणि ही त्याच जातीची, तेव्हा आधी डॉक्टरांना फोन.

तू बोलत नाहीस मनू, हीच भीती आहे. दहावीला अंगात ताप घेऊन पेपर दिलेस आणि आम्हाला शेवटचा पेपर झाल्यावर कळलं. तेव्हा मी चौकात छाती काढून सांगत फिरलो. आता ते आठवलं की पोटात गोळा येतो. ग्रुपचा खोळंबा होईल म्हणून गप्प बसू नकोस. होऊ दे खोळंबा.

झालं माझं लेक्चर सुरू. माफ कर, आई वाचून म्हणाली, "पोरगी ट्रेकला चाललीय की लढाईला?"

खरं सांगू, गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय. कळसूबाई 5,400 फूट, आणि मनू जिथनं चालायला सुरुवात करणार ते गावच त्याच्यापेक्षा उंच! केदारकंठा 12,500. आपलं बेळगाव अडीच हजारावर, ते ऐकून शेजारचे काका म्हणाले, "म्हणजे पाच बेळगावं एकावर एक?" मी म्हटलं, हो. घरात एवढं उंच कुणी गेलेलं नाही. आबा असते तर त्यांनी आधी तुझे बूट उलटे करून तळवे बघितले असते.

मोरीच्या पुढं रेंजचा भरवसा नाही म्हणतात. पुरोल्यात गाडी चहाला थांबेल तिथून आईला फोन कर. जेवलीस का, झोपलीस का, एवढं तिला सांग. मला वेगळा फोन नको. डोकं दुखत असेल तर मात्र मला कर.

तुझा
आप्पा

ता. क. काळं जर्किन बंड्याच्या सासऱ्यांचं आहे. शेकोटीजवळ घालून बसू नकोस, ठिणगीनं भोक पडलं तर त्यांना तोंड मला दाखवावं लागेल.