माझं कोपर कुणी दाबून पाहिलं नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : कुष्ठरुग्णांच्या नसांची दरमहा तपासणी

साहेब,

सप्रेम नमस्कार. मी कोपरखैरण्यात राहते. घरातच पोळी-भाजीचा धंदा आहे. वाशीच्या मार्केटातल्या माथाडी कामगारांना माझे डबे जातात. चार वर्षांपूर्वी दंडावर फिकट चट्टा आला आणि कुष्ठरोग निघाला. बारा महिने एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांच्या गोळ्या घेतल्या, महिन्याचं एकही पाकीट चुकवलं नाही. लघवी लाल झाली, कातडी काळवंडली. शेजारणी विचारायच्या, ‘गावाला उन्हात राबलीस का गं?’ मी हो म्हणायचे. गोळ्या फुकट मिळाल्या, वेळेवर मिळाल्या. त्याबद्दल आभारच आहेत.

तक्रार कोपराची आहे.

नवव्या महिन्यात उजवं कोपर आतून ठणकायला लागलं, करंगळीला मुंग्या यायला लागल्या. केंद्रावर सांगितलं तर उत्तर मिळालं, ‘पोळ्या कमी लाटा.’ मला ते पटलंसुद्धा. दिवसाला दोनशे पोळ्या लाटणारीचं कोपर दुखणारच की! पुढे करंगळी आणि शेजारचं बोट आत वळून राहायला लागलं. त्यांच्याखाली कणीक अडकून वाळायची, मला पत्ता नसायचा. तव्याचा चटका संध्याकाळी फोड दिसल्यावर कळायचा. बारावं पाकीट संपलं, ‘तुम्ही बऱ्या झालात’ म्हणाले, कार्ड बंद झालं. जंतूंच्या हिशेबाने मी बरी झालेही होते.

मग ओळखीने एका निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञांकडे गेले. त्यांनी आधी काही विचारलंच नाही. कोपर हातात घेतलं, मागच्या खोबणीत बोट फिरवलं आणि मी ओरडले. नस सुतळीसारखी जाड झाली होती. मग डोळे मिटायला लावून बॉलपेनचं टोक तळहातावर ठिकठिकाणी टेकवलं. दोन बोटांत कागद धरायला दिला आणि ओढला, लगेच सुटला. दहा मिनिटांचं काम, ना यंत्र लागलं ना रक्त काढलं. गावाच्या नावातच कोपर आहे साहेब, पण ते हातात घेणारा माणूस मला गावाबाहेर शोधावा लागला.

त्यांनीच समजावलं. हे जंतू नसांमध्ये मुक्काम ठोकतात. कोपर, मनगट, गुडघ्याची बाहेरची बाजू, घोटा, इथल्या नसा कातडीलगत आणि जरा थंड असतात, म्हणून फटका त्यांना जास्त. शरीर जंतूंवर तुटून पडलं की नस सुजते आणि आतल्या आत आवळली जाते. मेलेल्या जंतूंवरूनही ही मारामारी होते. त्यामुळे इलाज चालू असताना, कधी तो संपून वर्ष-दोन वर्षं झाल्यावरही नस जाऊ शकते. एमडीटी जंतू मारते, सूज उतरवत नाही. त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घ्यावं लागतं. मला ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्यांच्या हिशेबाने उतरवत आणलं. नस दुखावून सहा महिने व्हायच्या आत हे सुरू झालं तर ताकद परतायची आशा चांगली असते. मी पाचव्या महिन्यात पोचले. अंगठ्याची पकड आली, लाटणं पुन्हा हातात बसलं. करंगळी वाकडीच राहिली.

शस्त्रक्रिया होते हे माहीत आहे. धडधाकट स्नायूचा कंडरा वळवून वाकड्या बोटांना जोडतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ही वाट पाडली. पण आधी सांधे आखडू द्यायचे नाहीत, नंतर प्लास्टर, मग आठवडेच्या आठवडे व्यायाम. तेवढे दिवस डबे कोण करणार? आणि एवढं करून बोट सरळ झालं तरी गेलेला स्पर्श त्याने येत नाही. चटका बसायचा तो बसणारच.

डिसेंबर २००५ मध्ये देशातलं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं म्हणून कुष्ठरोगाचं दूरीकरण जाहीर झालं. तेव्हापासून तो बघणारे हातही कमी झाले, असं मला तरी वाटतं. दर ३० जानेवारीला कुष्ठरोगविरोधी दिनाची शपथ वाचली जाते. शपथ वाचणाऱ्यांना एकदा नस चाचपायलाही शिकवा. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या सूचनांत ही तपासणी आहेच. ती केल्याची नोंद झाल्याशिवाय पुढचं पाकीट हातात पडू नये, असा आदेश काढा. कार्ड बंद झालेल्यांनाही निदान दोन वर्षं ठरावीक दिवशी बोलवा. प्रेडनिसोलोन, बोटांना आधार देणाऱ्या पट्ट्या, बधिर पावलांसाठीच्या मऊ रबरी तळाच्या एमसीआर चपला जवळच्या केंद्रात मिळू द्या. बधिर पावलांनी ठाण्याला खेपा घालायला लावू नका.

आमच्याकडे डबे पोचवणारा एक मुलगा आहे. एमडीटीचं सातवं पाकीट चालू आहे. परवा जिन्यात त्याची चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि तो तसाच वर आला, एक पाय अनवाणी, त्याला कळलंच नाही. मी त्याच्या गुडघ्याची बाहेरची बाजू चाचपली, पण मी पोळ्या लाटणारी बाई, मला त्यातलं काय कळणार? त्याला उद्या सकाळी कुठे पाठवू, तेवढं कळवा.

आपली,
कोपरखैरण्याची एक रहिवासी