पॉवर वाढवली म्हणून लगेच सिरॅमिक क्लच नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत टर्बो गाड्या रिमॅप करण्यावर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवण्यावर, लेख आला होता. लेख चांगलाच होता, पण शेवटी एक वाक्य होतं की पॉवर वाढवली की लगेच सिरॅमिक क्लच टाकून घ्यावा, आणि ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र, कारण नेमकं हेच ऐकून मी दोन वर्षांपूर्वी पैसे घालवलेत आणि आता तुमचा लेख वाचून आणखी चार पोरं तेच करतील.

माझ्याकडे लिनिया टी-जेट आहे, आपल्या रांजणगावलाच बनलेली, १.४ लिटर टर्बो पेट्रोल. कंपनीचा टॉर्क, म्हणजे इंजिनची फिरवण्याची ताकद, २०७ न्यूटन मीटर. गाडीवर जीव आहे माझा. ती रिमॅप केली, करणाऱ्याने सांगितलं टॉर्क २७० पर्यंत जाईल, आणि गेला असणार, कारण महिन्याभरात खंबाटकीच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की आरपीएमचा काटा सरळ वर पळायचा आणि स्पीड तिथल्या तिथे. क्लच स्लिप मारत होता. यात गाडीचा काही दोष नाही, तो क्लच २०७ साठी बनवलेला होता, त्याने तरी काय करावं.

मग एका दुकानात गेलो. त्यांनी सहा बटणांची, म्हणजे पूर्ण गोल थराऐवजी सहा छोटे तुकडे बसवलेली, सिरॅमिक प्लेट काढून दिली, "रेसवाले हीच टाकतात" म्हणाले. बॉक्सवर ना टॉर्कचा आकडा ना मटेरियलचं नाव, आणि मीही विचारलं नाही.

स्लिप बंद झाली हे खरं. पण चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी एक तर बंद पडायची नाहीतर उडी मारायची, मधलं काही नाहीच. सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर रिव्हर्स घेताना सगळा डॅशबोर्ड थडथडायचा आणि आई मागे बसलेली असली की पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून बसायची. अकरा हजार किलोमीटरला कंटाळून गिअरबॉक्स उतरवला. फ्लायव्हीलवर (इंजिनला जोडलेली जड चकती, क्लचची प्लेट हिच्यावरच घासते) निळसर काळे डाग पडलेले, आणि नख फिरवलं तर अडकेल अशा गोल गोल रेघा. आमचे मिस्त्री म्हणाले, "प्लेट अजून निम्मी शिल्लक आहे, पण फ्लायव्हील खाल्लं हिने."

त्यानंतर मी नीट अभ्यास केला आणि जे समजलं ते इतकं साधं आहे की दुकानात कोणी का सांगत नाही हा प्रश्न पडतो. क्लच किती टॉर्क धरणार हे चार गोष्टींवर ठरतं : प्रेशर प्लेट क्लचच्या प्लेटला फ्लायव्हीलवर किती जोराने दाबते, लायनिंगचं म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचं घर्षण किती, प्लेटची सरासरी त्रिज्या किती आणि घासणारे पृष्ठभाग किती. चारही आकड्यांचा गुणाकार, बस. समजा दाब ५००० न्यूटन, घर्षणांक ०.३, त्रिज्या ९२.५ मिलिमीटर आणि एका प्लेटच्या दोन बाजू, तर उत्तर येतं साधारण २७७ न्यूटन मीटर. म्हणजे २७० कागदावर बसतं. पण घाटात लायनिंग तापलं आणि घर्षणांक ०.२५ वर आला की तीच प्लेट २३१ वर सोडून देते. (हे आकडे हिशोब कळावा म्हणून घेतलेत, माझ्या गाडीचे नाहीत.)

आता यात गंमत बघा, लायनिंगचं क्षेत्रफळ या हिशोबात कुठेच नाही. म्हणूनच सहा छोट्या बटणांची प्लेट पूर्ण गोल लायनिंगपेक्षा जास्त टॉर्क धरू शकते, तिचा घर्षणांक ०.४ च्या आसपास असला तर वरच्याच दाबाला ३७० येतात. क्षेत्रफळ लागतं ते उष्णता पसरवायला आणि झीज वाटून घ्यायला, आणि शहरात चालणाऱ्या गाडीला खरी गरज त्याचीच असते.

कारण क्लच खरा तापतो तो गाडी उचलताना. ढोबळमानाने, सपाट रस्त्यावर गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते तितकीच उष्णता क्लचमध्ये तयार होते. गाडी माणसांसकट १३०० किलो धरा. क्लच १० च्या स्पीडला पूर्ण सुटला (म्हणजे पेडल सोडून पकड पूर्ण बसली) तर ५ किलोज्यूल, २० ला सुटला तर २० किलोज्यूल. स्पीड दुप्पट, उष्णता चौपट. त्यात चढ असेल आणि तुम्ही हाफ क्लचवर गाडी तोलून धरत असाल तर विचारूच नका. आणि बटणाच्या प्लेटला तर हळूहळू सुटणं जमतच नाही, म्हणून गाडी बंद पडू नये यासाठी आपण आरपीएम वाढवतो आणि ती जास्तीची उष्णता फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटमध्ये जाते.

म्हणून मटेरियल निवडताना आधी गाडी कुठे चालते ते बघा. ऑरगॅनिक म्हणजे काचेचे नाहीतर ॲरामिडचे धागे, रेझिन, रबर, मध्ये तांब्या-पितळेची तार. मऊ सुटतं, फ्लायव्हीलला जपतं, पण साधारण अडीचशे-तीनशे डिग्रीच्या पुढे रेझिन जळायला लागतं आणि तो ओळखीचा वास येतो. जास्त जळलं नसेल तर थंड झाल्यावर बऱ्यापैकी सावरतं. केव्हलार हाही ॲरामिडच, १९६५ मध्ये ड्युपाँटच्या स्टेफनी क्वोलेक बाईंनी शोधलेला, बुलेटप्रूफ जॅकेटमधला धागा. टिकतो खूप, सुटतोही मऊ, पण सुरुवातीचे हजारेक किलोमीटर एकदम शांतपणे चालवावी लागते आणि एकदा का तापून काच चढली, म्हणजे पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला, की पकड परत येत नाही, त्यामुळे ज्याला रनिंग-इनचा धीर नाही त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. सिरॅमिक म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा तांब्याची भुकटी आणि सिरॅमिकचे कण एकत्र दाबून, भाजून केलेलं असतं, उष्णता भरपूर सोसतं, ट्रॅकसाठी उत्तम. कोईम्बतूरच्या करी किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याने जरूर टाकावं, तिथे गाडी एकदा उचलली की उचलली. फॉर्म्युला वनमधला कार्बन क्लच तर थंड असताना पकडतच नाही नीट, आपल्या सिग्नलवर त्याचा काय उपयोग.

मी शेवटी पूर्ण गोल ऑरगॅनिक प्लेट घेतली, झटके शोषायला हबमध्ये म्हणजे मधल्या भागात स्प्रिंगा असलेली, आणि जोडीला पाव पट जास्त दाबाची प्रेशर प्लेट. वरच्याच हिशोबात ५००० चे ६२५० केले तर तापलेल्या ०.२५ लासुद्धा २८९ येतात, म्हणजे २७० आरामात धरतं. पेडल जड झालंय, रोज संध्याकाळी डाव्या गुडघ्याला कळतं, आणि पेडलचा जोर प्रेशर प्लेटपर्यंत नेणाऱ्या रिलीज बेअरिंगवरही लोड वाढतो, हे मान्य. दाब त्याहून वाढवायची वेळ आली तर दोन प्लेटांचा क्लच घ्यावा, चार पृष्ठभाग मिळतात. पण चौदा हजार किलोमीटर झालेत, खंबाटकी आणि ताम्हिणी दोन्ही झालं, एकदाही स्लिप नाही, आणि आई आता मागे निवांत झोपते.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा हाताखालच्या पोराने एअर गन घेऊन क्लचची सगळी धूळ फुर्रकन उडवली, तोंडावर रुमालसुद्धा नाही. वय असेल अठरा-एकोणीस. क्लचच्या लायनिंगमध्ये पूर्वी सर्रास ॲस्बेस्टॉस असायचं. त्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे, ब्रिटनने १९९९ मध्ये बंदी घातली, आपल्याकडे अजून सरसकट नाही. बिननावाच्या स्वस्त प्लेटमध्ये काय भरलंय हे त्या पोराला कोण सांगणार? मी तिथेच मिस्त्रींना सांगितलं, आता ते ओल्या फडक्याने पुसून घेतात.

तेव्हा विनंती एवढीच की पुरवणीत क्लचबद्दल पुन्हा लिहाल तेव्हा दुकानात काय विचारायचं ते छापा : लायनिंग कशाचं आहे, कितीच्या टॉर्कला आहे, ॲस्बेस्टॉस नाही असं लिहून देता का. आणि त्या एअर गनबद्दल दोन ओळी वेगळ्या चौकटीत द्या, गॅरेजमध्ये तुमचा पेपर रोज येतो, पोरं वाचतात.

आपला एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे