देवळालीचा ताप

आनंदवल्ली, नाशिक
२५ जानेवारी, रविवार

प्रिय देवळालीकर,

आज रथसप्तमी, म्हणजे तिळगूळ द्यायला अजून उशीर झालेला नाही. घे आणि गोड बोल.

तुझ्या मेसेजला मी नुसता अंगठा दाखवतो, ही तुझी तक्रार मान्य. पण लेका, जे सांगायचंय ते त्या एवढ्याशा काचेवर मावत नाही. म्हणून चिरंजीवांच्या बारावीच्या वहीतली उरलेली कोरी पानं फाडून घेतलीयत. लांबणार आहे. चहा घेऊनच बस.

बातमी अशी, की या बुधवारी मी आणि तुझी वहिनी बीअर प्यायला गेलो होतो.

हो, वहिनीच. आपण दोघं रात्री अकराला वेलदोडे चघळत जिन्यावर उभे राहायचो, आणि जी दार उघडून एक अक्षर न बोलता आत निघून जायची, तीच.

त्याचं असं झालं. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, गंगापूर रोडला, जिथे फर्निचरचं दुकान होतं तिथे एक ब्रूअरी उघडलीय. तुमच्या बंगळुरात असतात तशीच: बीअर तिथेच बनते, तिथेच पितात आणि जेवणही मिळतं. रस्त्याकडची भिंत सगळी काचेची, मागे स्टीलच्या उंच टाक्या. ही संध्याकाळी मैत्रिणींबरोबर सोमेश्वरच्या बाजूला फिरायला जाते. दोन महिने तिला वाटत होतं की दुधाची डेअरी आहे. मग एके दिवशी रस्त्यावर वास आला. घरी येऊन मला विचारते, "तिथे घुगऱ्या शिजवतात का हो?" मी काय ते सांगितलं. त्यावर गप्प. आणि तीन-चार दिवसांनी मेथी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता, "एकदा आतून बघायला हवं."

बावीस वर्षांच्या संसारात मला इतका धक्का एकदाच बसला होता, ती स्कूटी घेऊन एकटी वणीला जाऊन आली तेव्हा.

वार बुधवारच, कारण सोमवार-मंगळवार तिचे, गुरुवार आईचा, शनिवार मारुतीचा. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. आणि आई संक्रांतीपासून ताईकडे सिन्नरला आहे, हे मुख्य. आईला सांगण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. (फोनवर मात्र हिनेच सांगितलं, दुसऱ्या दिवशी. आईचा प्रश्न एकच: "जेवण बरं होतं का?")

आता आपलं 'बसणं' आठव. नाशिकरोडला स्टेशनजवळची ती परमिट रूम. काळ्या काचा, हिरवट दिवा, चणाडाळीची बशी, आवाज बंद केलेल्या टीव्हीवरची मॅच. तुझ्या वडिलांची कॅन्टीनची रम संपली की आपण तिथे. परमिट रूम हे नाव कुठून आलं, ते तेव्हा आपल्याला ठाऊकही नव्हतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांना मिळायचा. आणि परवाना कशासाठी, तर प्रकृती राखण्यासाठी! आपण दोघांनी किती वर्षं किती मनापासून प्रकृती राखली, नाही?

इथे तसं काही नाही. लख्ख उजेड. शेजारच्या टेबलावर उंच खुर्चीत बसवलेलं एक दीड वर्षाचं पोर फ्रेंच फ्राइज चोखत होतं. पलीकडे पाच-सहा बायका, बहुधा शाळेतल्या शिक्षिका, कुणाच्या तरी निवृत्तीचा केक कापत होत्या. ही दारात क्षणभर थांबली, स्वेटरची वरची गुंडी लावली (निफाडचा पारा पेपरात वाचला की हिला इथे हुडहुडी भरते) आणि सरळ जाऊन टाक्या दिसतील अशा टेबलावर बसली. गाणी भयंकर मोठ्याने लागलेली. तिने वेटरला बोलावलं, "दादा, जरा आवाज कमी करता का?" आणि त्यांनी केला! इतक्या हॉटेलांतून कानठळ्या बसवून घेतल्या मी, हे सांगता येतं हेच कधी सुचलं नव्हतं.

आम्ही सॅम्पलर मागवला. लाकडी फळीवर पाच छोटे ग्लास. "पंचामृताच्या वाट्या," ही म्हणाली. पहिला गव्हाच्या बीअरचा. तिने आधी हुंगला, मग ओठाला लावला. म्हणाली, "शिकरण आहे. कुणीतरी लवंग टाकलेलं शिकरण." मी हसलो. तिने वेटरला विचारलं, "यात केळं घालता का?" त्याला सांगता येईना. तो आत गेला आणि गमबूट घातलेल्या एका पंचविशीतल्या मुलाला घेऊन आला. बीअर बनवणारा तोच. दिंडोरीकडचा, घरची द्राक्षबाग. तो उभ्या उभ्या खूश झाला. म्हणाला, "काकू, केळं नाही आणि लवंगही नाही. हे दोन्ही वास यीस्टचे. या बीअरचं यीस्टच तसलं असतं. लोक चार-चार ग्लास पितात, पण कुणी विचारत नाही."

आणि मग ती दोघं जी बोलायला लागली! मी आपला पाचही ग्लास पुढे ओढून ऐकत बसलो. तो सांगत होता, द्राक्षात साखर आयती असते, चिरडून यीस्ट पडलं की झाली सुरुवात, वडिलांना म्हणून वाइन लगेच कळते. पण बार्लीत सगळं पिठूळ, साखर आणायची कुठून? म्हणून आधी दाणे भिजवायचे, मोड आणायचे, मग वाळवायचे.

"भिजवून, मोड काढून, वाळवून?" ही म्हणाली. "म्हणजे नाचणीचं सत्त्वच की. मी पोराला वर्षभर चारलंय."

"तेच काकू! तेच माल्ट!"

पुढचं तुला थोडक्यात सांगतो. ते भरडलेलं माल्ट पासष्ट अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर ठेवायचं, की पिठाची साखर होते. हिला घुगऱ्यांचा वास आला तो याच वेळचा. मग पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स नावाची वाळलेली फुलं घालून उकळायचं, गार करून यीस्ट सोडायचं. कडवटपणा सगळा हॉप्सचा. इंग्रज हिंदुस्थानात जहाजाने बीअर पाठवायचे तेव्हा ती टिकावी म्हणून हॉप्स सढळ हाताने घालायचे, त्यावरून इंडिया पेल एल. आमच्या फळीवर चौथा ग्लास तोच होता. हिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "काडेचिराईत. याला पैसे देऊन पितात?" तो ग्लास माझ्या वाट्याला आला. धणे आणि संत्र्याची साल घातलेला एक होता, तो तिला उन्हाळी लागल्यावर देतात त्या पाण्यासारखा वाटला, पण आवडला. तुला खरं सांगू? गव्हाची सोडली तर बाकी बीअर ठीकच होती. स्टाउट नावाची काळी बीअर तर करपल्या भाकरीचं पाणी.

लागर नावाची बीअर फळीवर नव्हतीच. का, तर गव्हाची पंधरा दिवसांत होते, लागर महिना-दीड महिना थंडीत ठेवावी लागते, तेवढा काळ टाकी अडकते. जर्मन भाषेत लागर शब्दाचा अर्थच साठवण. "वाट बघणं मालकाला परवडत नाही," तो पोरगा म्हणाला.

बोलता बोलता तो म्हणाला, आपल्या राज्यात हे सगळं सुरू झालं २००९ साली पुण्यात, डूलाली नावाच्या ब्रूअरीपासून. मी खुर्चीत सरसावून बसलो. अरे, हे तर माझ्या मित्राचं गाव! तू सांगितलेली गोष्ट मी तुझ्याहून बरी सांगितली, असं माझं मत आहे. देवळालीला गोऱ्या सैनिकांची छावणी, मुदत संपलेले सोल्जर तिथे आणून ठेवायचे, आणि विलायतेला न्यायला जहाजं यायची ती फक्त हिवाळ्यात. ज्याची हुकली तो पुढच्या हंगामापर्यंत अडकला. काम नाही, ऊन, डास, दारू. डोकं फिरायचं बिचाऱ्यांचं. त्याला ते म्हणायचे 'देवळाली टॅप', म्हणजे आपला साधा ताप. पुढे देवळालीचं डूलाली झालं आणि इंग्रजीत वेड्याला डूलाली म्हणायला लागले. पोराने काउंटरवरच्या तोट्यांच्या रांगेकडे बोट केलं, "आमच्याकडे आठ टॅप आहेत!" आम्ही दोघं खो-खो हसलो.

ही हसली नाही. तो आत गेल्यावर म्हणाली, "वाट बघून डोकं फिरतं, हे कळायला गोरे इतक्या लांब आले होय?"

मी अजून हसतच होतो. तर म्हणाली, "तुम्ही बसायला जायचात. मी वाट बघत बसायचे. बसायचो दोघंही."

राग नव्हता रे. घुगऱ्यांबद्दल विचारलं होतं ना, त्याच आवाजात. साडेनऊपर्यंत तवा चढवायची नाही म्हणे, माझी भाकरी गार व्हायला नको म्हणून. मग पोराला निजवून साडेदहाला एकटी जेवायची, आणि झाकून ठेवलेलं मी सकाळी डब्यात घेऊन जायचो. कौतुकाने म्हणायचो, वा, आज सकाळी सकाळी भरलं वांगं! तिने कधी दुरुस्त केलं नाही.

मला काही सुचेना. मी म्हटलं, "फोन करायला हवा होता मी."

"फोन होता की तुमच्याकडे."

तेवढ्यात पिझ्झा आला. चाळीस मिनिटांनी आलेल्या पिझ्झ्याचे मी इतके आभार कधी मानले नव्हते.

यात तुझं नाव मी पुढे केलं असं समजू नको. तिनेच काढलं. पिझ्झ्याचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "भावजींना तेव्हा कॅम्पाची शेवटची बस मिळायची का?" मला आठवेना. तुला आठवतं? ती म्हणाली, आपण जिन्यावर उभे असायचो तेव्हा ती मनातल्या मनात तुझ्या बसचा हिशोब करत आत जायची, बोलायची नाही ती त्यामुळे. आणि मी एवढी वर्षं धरून चाललो होतो की तिला वास येतो.

जेवणाचं म्हणशील तर ठेचा चिकन झकास, खरा ठेचा, हिरवा, लसूण सढळ. मिसळ टाको नावाचा एक प्रकार मेन्यूत होता. हिने वेटरला समजावलं, "मिसळीचा पाव काढून घेतला की उरतं काय, दादा?" पिझ्झ्याची पोळी मात्र वेगळी होती, जाडसर, भाकरीच्या चवीची. बीअरसाठी गाळून उरलेला माल्टचा चोथा पिठात मिसळतात म्हणे. ती चव तिने अशी काही लक्षात ठेवली की त्यावर पुढे सांगतोच.

बिल तिने चश्मा लावून ओळ न् ओळ वाचलं. दोन भाग असतात, तू कधी बघितलंयस का? खाण्यावर पाच टक्के जीएसटी. बीअरवर जीएसटी नाहीच, तिच्यावर राज्याचा दहा टक्के व्हॅट. पैसे तिने दिले, भिशीच्या पाकिटातून. मी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू द्या. तुमचे पैसे पुष्कळ गेलेत यात."

परत चालत आलो. गाडी काढायची नाही, किल्ली शोधायची नाही, नाक्यावर पोलीस आहे का बघायचं नाही. थंडी मस्त होती. सुलाची पहिली वाइन २००० साली आली तेव्हापासून आपण नाशिककर किती पाहुण्यांना गाडीत घालून वाइनरी दाखवून आणलं असेल, आणि आपण नवरा-बायको म्हणून एकदाही गेलो नाही, असं ती म्हणत होती. मी मोजलं, खरंच एकदाही नाही. मध्येच पोराचा पुण्याहून फोन आला. कुठे आहात म्हणाला. हिने सांगितलं. पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणतो, "मी आलो की मला पण न्या." त्याला बीअरच्या एकविशीला अजून वर्ष आहे. ही म्हणाली, "वाट बघ."

आता चोथ्याचं. तो चोथा एरवी गोठ्यात जातो, गाई-म्हशींना. काल ही स्कूटीवरून जाऊन डबाभर मागून आली. आधी खात्री करून घेतली की त्यात दारू नसते. पोराने सांगितलं, "काकू, तो निघतो तेव्हा यीस्ट अजून पडलेलंच नसतं." लगेच वापरावा लागतो, नाहीतर आंबतो. आज सकाळपासून तो भाजणीत कालवणं चाललंय. पहिलं थालीपीठ माझ्यावर करून बघितलं. चवीला फर्मास, पण फोलपटं दातात अडकतात. आता ती मिक्सरमधून काढून दुसरा घाणा लावतेय, कारण संध्याकाळी हळदीकुंकू आहे. तीस बायका येणार, वाण म्हणून चहाची गाळणी आणि खायला हेच. कशाचं आहे ते कुणाला सांगायचं नाही, अशी मला ताकीद आहे. विचारलंच तर "पौष्टिक आहे."

तू फेब्रुवारीत येतोयस ना, तेव्हा बुधवार बघून ये. टेबल तिने ठरवून ठेवलंय. तुझ्यासाठी काडेचिराईत मागवणार आहे आणि बसचं विचारणार आहे, तेव्हा उत्तर तयार ठेव.

दुसरं थालीपीठ तव्यावरून उतरलेलं दिसतंय, लोण्याची वाटी मांडल्याचा आवाज आला. हाक आलीय. जेवायला बसतो.

तुझाच,
जिन्यावरचा जोडीदार