सायली, त्या ऑडिशनबद्दल

ओल्डहॅम, रविवार

चि. सायलीस अनेक आशीर्वाद,

फोनवर हे नीट बोलता येत नाही. तू घाईत असतेस, मी फार्मसीत असते आणि मधेच कुणीतरी प्रिस्क्रिप्शन घेऊन काउंटरशी येऊन उभं राहतं. म्हणून लिहायला बसले. आजीला पत्रं लिहून लिहून तुझं मराठी चांगलं पक्कं झालंय, तेव्हा वाचायला अडचण यायची नाही.

मालिकेच्या ऑडिशनला जाऊ का, असं तू विचारलंस खरं, पण नाही जायचं हे तुझं जवळजवळ ठरलेलंच होतं. तुझ्या बरोबरच्या मुलांचं म्हणणं असं की एकदा सोपचा, म्हणजे वर्षानुवर्षं चालणाऱ्या टीव्ही मालिकेचा, शिक्का बसला की रंगभूमीवर मग कोणी उभं करत नाही, आणि तुला तर नाटकच करायचंय. नाटक करायचंय हे मला मान्य आहे, मनापासून मान्य आहे. पण शिक्क्याची गोष्ट मला पटत नाही. ती खोटी आहे हे आपल्याच गावातल्या एका मुलीने दाखवून दिलंय. सुरॅन जोन्सबद्दल बोलतेय मी.

तू तिला ओळखतेस ती मोठी झालेली, ‘डॉक्टर फॉस्टर’मधली, आणि ‘जंटलमन जॅक’मध्ये डोक्यावर उंच टोपी घालून हॅलिफॅक्सच्या रस्त्यांवरून ताडताड चालणारी. मी तिला त्याच्या कितीतरी आधीपासून बघतेय. ती चॅडर्टनची, म्हणजे आपल्या शेजारचीच. जन्म १९७८चा, जन्मनाव सॅरा अ‍ॅन जोन्स. अभिनयाच्या धंद्यात उतरली तेव्हा इक्विटी या नटांच्या युनियनमध्ये त्या नावाची नटी आधीच होती, आणि एकाच नावाचे दोन सभासद तिथे चालत नाहीत. म्हणून तिने पणजीचं नाव घेतलं, सुरॅन. लहानपणी ती ओल्डहॅम थिएटर वर्कशॉपमध्ये जायची. तूही तिथेच जायचीस. १९६८ साली सुरू झालेली ही जागा. गिरण्यांच्या गावातली, घरी नाटकाचा वारसा नसलेली मुलं तिथे येतात आणि उभं कसं राहायचं, आवाज कुठून काढायचा, हे शिकतात. अ‍ॅना फ्रील तिथलीच. तीही आधी सोपमध्ये होती, ‘ब्रुकसाइड’मध्ये, आणि १९९९ साली ब्रॉडवेवर उभी राहिली.

मी २००१ साली अकोल्याहून इथे आले तेव्हा मला इंग्रजी येत होतं, पण इथलं इंग्रजी येत नव्हतं. काउंटरवर येणाऱ्या बायका काय म्हणतात ते निम्मं डोक्यावरून जायचं. ते मला ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेने शिकवलं. संध्याकाळी साडेसात वाजता टीव्ही लावायचा आणि कान देऊन ऐकायचं. कॅरेन नावाची एक मुलगी तेव्हा त्यात होती. अंडरवर्ल्ड नावाच्या कारखान्यात बायकांचे आतले कपडे शिवणारी, कानात मोठ्या रिंगा, तोंडाने फटकळ, पैज लावून लग्न करणारी, आणि ते लग्न मग जीव तोडून सांभाळणारी. ती सुरॅन. दुसऱ्या दिवशी दुकानात बायका कॅरेनबद्दल असं बोलायच्या की ती पलीकडच्या गल्लीत राहते असं वाटावं. ‘काल काय केलंन बघितलंस का?’ मी नवखी, परकी, पण त्या गप्पांत मला बोलता यायला लागलं. एका नटीने मला या गावात बसायला जागा करून दिली, असंच मी म्हणेन.

हे सांगायचं कारण असं की सोप म्हणजे हलकं काम, असं जे तू म्हणालीस, ते मला टोचलं. ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ९ डिसेंबर १९६० पासून चालू आहे. पहिल्याच भागात असलेले विल्यम रोच साठ वर्षं उलटून गेली तरी केन बार्लोची भूमिका करत राहिले. त्यात काम करणं म्हणजे काय ते बघ. कॅरेनच्या दिवसांत आठवड्याला चार-पाच भाग जायचे. तालमीला वेळ जवळजवळ नाही. प्रसंग उलटसुलट क्रमाने चित्रित होतात, सकाळी घटस्फोट आणि दुपारी त्याच्या आधीचं भांडण. दिग्दर्शक थोड्या थोड्या भागांनी बदलत जातात, म्हणजे तुझी व्यक्तिरेखा कुठून आली आणि कुठे चालली हे लक्षात ठेवणारी तू एकटीच. रडायचं ते सकाळी नऊ वाजता, खुणेवर पाय ठेवून, कॅमेरा कुठे आहे याचं भान ठेवून. कॅरेन आली तेव्हा निव्वळ हसवायला आली होती. सुरॅनने चार वर्षांत तिच्यात असं काही भरलं की २००४च्या नाताळात ती गेली तेव्हा दुकानात खरंच सुतक असल्यासारखं वाटत होतं. लेखकांनी लिहिलं हे बरोबरच, पण विनोदी बाई हळूहळू दुःखी होताना विनोद न सोडणं, हे नटीचं काम. ती शाळा तिला कोणत्याही ड्रामा स्कूलने दिली नसती.

आणि मग तिने ते सोडलं. सगळा देश ओळखत असताना, पगार नियमित येत असताना. २००५ साली ती लंडनला थिएटर रॉयल हेमार्केटमध्ये उभी राहिली, ‘अ फ्यू गुड मेन’ या अमेरिकन नाटकात, रॉब लो या अमेरिकन नटाच्या बरोबर. नौदलातल्या वकील बाईची भूमिका. कारखान्यातल्या शिलाई मशीनवरून थेट तिथे, जॉन नॅशने १८२१ साली बांधलेल्या त्या खांबांच्या देवडीतून आत. लोक अर्थातच कॅरेनला बघायला आले असतील. येऊ देत की. तिकीट काढून आलेला प्रेक्षक हा प्रेक्षकच. त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कॅरेन विसरायला लावणं हे तिचं काम होतं, आणि ते काम सोपवाल्या नटीला करावं लागतं, हे खरं. तेवढा भाग तुझ्या मित्रांचा मी मान्य करते.

मधल्या वर्षांत थोडी टीव्ही, थोडी नाटकं. त्यातलं एक २००९ साली मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजला झालं. या जागेबद्दल मला थोडं सांगू दे, कारण तुला ती फक्त मुलांच्या नाताळच्या नाटकांची जागा म्हणून आठवते. तो कापसाचा बाजार होता, सायली. जगातल्या सुताचे आणि कापडाचे भाव त्या दिवाणखान्यात ठरायचे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस बंद झाला आणि इथल्या गिरण्या ओस पडल्या, तेव्हा आपल्या वऱ्हाडचा, खानदेशचा कापूस मुंबईहून जहाजांनी लिव्हरपूलला आणि तिथून इथे आला. माझ्या पणजोबांच्या शेतातली बोंडं त्यात असतील नसतील, मी त्या घुमटाखाली गेले की मला ते आठवतंच. १९६८च्या शेवटी बाजार बंद झाला. शेवटच्या दिवसाचे भाव अजून वरच्या फळ्यावर तसेच आहेत. १९७६ साली त्या दिवाणखान्यात नाटकघर उभं केलं, पण जमिनीला एवढं वजन पेलवेना, म्हणून सात बाजूंचं ते पोलादी आणि काचेचं नाटकघर चार प्रचंड खांबांना टांगलं. रंगमंच मधोमध, प्रेक्षक चहूबाजूंनी, सातशेच्या वर, आणि कोणाचीही खुर्ची रंगमंचापासून नऊ मीटरपेक्षा लांब नाही.

२०१४ साली तिथे तिने ‘ऑर्लँडो’ केलं. व्हर्जिनिया वुल्फच्या कादंबरीवरचं, सॅरा रूलने लिहिलेलं नाटक. एलिझाबेथ राणीच्या काळातला तरुण, शतकांमागून शतकं जगतो आणि वाटेत बाई होतो. तू बारा वर्षांची होतीस, मी तुला घेऊन गेले होते. तुला त्यातलं काय आठवतं ते मला एकदा सांग. मला तिची पाठ आठवते. गोल रंगमंचावर नटाची पाठ कायम कोणाकडे तरी असतेच, आणि त्या संध्याकाळी बराच वेळ ती आपल्या बाजूला होती. मी इतकी वर्षं तिचा चेहरा बघत आले होते, टीव्हीवर, कॅमेऱ्याने जवळ जाऊन दाखवलेला, डोळ्यांतलं पाणीसुद्धा मोजता येईल एवढा. इथे चेहरा नाही. मान, खांदे, पायांवर वजन कसं टाकलंय ते. पुरुष असताना ते एका तऱ्हेने टाकलेलं, बाई झाल्यावर दुसऱ्या. आणि आपल्याला चेहरा न बघताही कळत होतं. तिथे कॅमेरा तुला शोधत येत नाही, तुला स्वतःच सगळ्या बाजूंनी पोचावं लागतं. मालिका आणि नाटक यांत फरक आहे तो हा. कमी-जास्त दर्जाचा नाही.

त्याच्या आधी, २०११ साली, तिने कॅरिल चर्चिलचं ‘टॉप गर्ल्स’ केलं, चिचेस्टरला आणि मग लंडनला. हे तू वाचलेलं आहेस, म्हणून लांबण लावत नाही. पहिला प्रवेश हॉटेलातला, टेबलाभोवती पोप जोन, लेडी निजो, इझाबेला बर्ड अशा बायका, आणि सगळ्या एकमेकींच्या बोलण्यात बोलतात. कोणाचं वाक्य कुठे मोडायचं आणि दुसरीने नेमकं कुठून घुसायचं, हे लेखिकेने तिरप्या रेघांनी लिहून ठेवलंय. दिग्दर्शक मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्क, ज्यांनी १९८२ साली तेच नाटक लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरला पहिल्यांदा बसवलं होतं. सुरॅन होती मार्लीन, गाव आणि गावातलं सगळं मागे टाकून लंडनला मोठी झालेली. आता विचार कर, अशा नाटकाला कान लागतात. दुसरीचं ऐकत ऐकत स्वतःचं बोलायचं. ते तिने ‘कॉरोनेशन स्ट्रीट’मधल्या रोव्हर्स रिटर्न या पबच्या बारमध्ये, सहा-सहा जण एकदम बोलत असताना, वर्षानुवर्षं केलेलंच होतं.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली आणि मला ती सगळ्यात आवडते. सॅली लिंडसे, तीही ‘स्ट्रीट’मधली, शेलीचं काम करणारी, सुरॅनची मैत्रीण. दोघी मैत्रिणींना बायकांसाठी लिहिलेली कामं मिळत ती कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई. मग दोघींनी मिळून दोन पोलीसबायांची कल्पना काढली, ती सॅली वेनराइटने लिहिली, आणि मँचेस्टरमध्येच चित्रित झाली. तीच ‘स्कॉट अँड बेली’ ही मालिका. वेनराइटही पूर्वी ‘कॉरोनेशन स्ट्रीट’चे भाग लिहायची. म्हणजे बघ, शिक्का शिक्का म्हणतात त्यातूनच माणसं भेटली आणि कामं निघाली. पुढे ‘जंटलमन जॅक’ही वेनराइटचीच. २०१६ साली सुरॅनला बाफ्टा पुरस्कार मिळाला तो ‘डॉक्टर फॉस्टर’साठी.

तुझ्या मित्रांना आणखी नावं हवी असतील तर दे. बेन किंग्जली १९६६-६७ साली ‘स्ट्रीट’मध्ये होते, तिथून रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेले, आणि पुढे आपल्या घराघरांत गांधी म्हणून पोचले. कॅथरिन केली २०१२ साली ‘स्ट्रीट’ सोडून सरळ नॅशनल थिएटरच्या ऑलिव्हिए रंगमंचावर गोल्डस्मिथच्या १७७३ सालच्या नाटकात नायिका म्हणून उभी राहिली. आणि सर इयन मॅकेलन उलट दिशेने आले, २००५ साली, दहा भागांसाठी, स्वतःच्या हौसेने. आपल्याकडे तर हा प्रश्नच कोणी विचारत नाही. दिवसभर गोरेगावला मालिकेचं शूटिंग करून रात्री दादरला शिवाजी मंदिरला प्रयोग करणारे नट मी किती पाहिलेत. मालिकेमुळे चेहरा ओळखीचा झाला तर बुकिंग चांगलं होतं, एवढंच निर्माता बघतो, आणि नाटक वाईट असलं तर लोक तोंडावर सांगतात.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही, कारण मी आई आहे. २०१८ साली सुरॅन परत हेमार्केटला आली, ब्रायनी लेव्हरीच्या ‘फ्रोझन’मध्ये. हरवलेल्या मुलीची आई. रोज संध्याकाळी, आणि मॅटिनीच्या दिवशी दोनदा, ते दुःख पहिल्यापासून उभं करायचं. मालिकेत असा प्रसंग एकदा चित्रित होतो, झाला की झाला. नाटकात उद्या परत. तब्येत बिघडल्यामुळे तिला ते नाटक ठरल्यापेक्षा आधी सोडावं लागलं, आणि मनावर आलेल्या ताणाबद्दल ती पुढे उघडपणे बोलली. मला तिचं त्याबद्दलही कौतुक वाटतं. ‘द शो मस्ट गो ऑन’ म्हणून तू ताप अंगावर काढतेस ते मला माहीत आहे. रंगभूमीवर प्रेम कर, पण झोप, जेवण आणि डॉक्टर यांच्यात काटकसर करू नकोस. नाटक थांबलं तरी चालेल, असं मला म्हणावंसं वाटतं आणि मी म्हणते.

तेव्हा ऑडिशनला जा. भूमिका वाच, ती बाई तुला आवडते का ते बघ. नुसती कोपऱ्यातल्या दुकानातली भारतीय मुलगी असेल, जिला लग्न ठरवण्याशिवाय काही उद्योग नाही, तर नको म्हण, मी तुझ्या बाजूने आहे. पण तिला राग येत असेल, ती हसवत असेल, तिच्यात वाढायला जागा असेल, तर घे. आणि करार आला तर सही करायच्या आधी एजंटला तीन गोष्टी स्पष्ट विचारायला सांग: किती महिन्यांचा, वाढवायचा हक्क कोणाचा, आणि मधे नाटकासाठी सुट्टी मिळेल का. तिसरी गोष्ट तोंडी कबूल करतील, ती लिहून घे. बाबा म्हणतात कागद आम्हालाही पाठव. मंगळवारी मी लवकर सुटते, सहानंतर केव्हाही फोन कर.

तुझी,
आई