एका स्वल्पविरामाने खांबाचा भार 1,245 वरून 1 वर: नव्या आवृत्तीच्या एक्स्पोर्टबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सहाय्य विभाग प्रमुख,
स्ट्रक्चरल ॲनालिसिस सॉफ्टवेअर

प्रेषक: स्ट्रक्चरल सल्लागार कार्यालय, टिळकवाडी, बेळगाव

विषय: नव्या आवृत्तीतील सीएसव्ही एक्स्पोर्ट, एपीआयचा खोटा 'यशस्वी' संदेश आणि स्टिफनेस मॉडिफायर यांतील बिघाड

स.न.वि.वि.

मराठीतून सहाय्य मिळेल असे आपल्या वार्षिक करारात छापले आहे, म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहोत. फोनवर हाच विषय तीनदा मांडला आणि तिन्ही वेळा "तुमची एक्सेल शीट तपासा" एवढेच उत्तर मिळाले. शीट तपासली. तिच्यात सापडलेली आमची चूकही खाली सांगितली आहे. पण मूळ दोष आपल्या एक्स्पोर्टमध्येच आहे.

आमची पद्धत थोडक्यात अशी. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की हाताने सोडवलेली 14 लहान मॉडेल एक्सेलच्या मॅक्रोतून चालवायची, निकाल सीएसव्हीत (स्वल्पविरामाने रकाने तोडणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) काढायचे आणि शीटमधल्या सूत्रांच्या उत्तरांशी ताडून पाहायचे. फरक 1 टक्क्याच्या आत असला की हिरवा, बाहेर गेला की लाल. त्याच मॅक्रोतून पुढे चालू कामांच्या रिॲक्शन (आधारांवर येणारे भार) फूटिंगच्या, म्हणजे खांबाखालच्या पायाच्या, शीटमध्ये जातात. नव्या आवृत्तीवर चौदाच्या चौदा मॉडेल हिरवी आली आणि तरीही फूटिंगचे आकडे चुकले.

कारण असे. जुनी आवृत्ती सीएसव्हीत आकडे सरळ लिहीत असे: 1245.60. नवी आवृत्ती संगणकाच्या रीजनल सेटिंगप्रमाणे लिहिते. आमच्या बहुतेक संगणकांवर 'इंग्लिश (इंडिया)' आहे आणि एकावर 'कन्नड (इंडिया)'. दोन्हींत हजारानंतर आणि लाखानंतर स्वल्पविराम पडतो. स्वल्पविरामाने रकाने तोडणाऱ्या फाइलमध्ये आकड्याच्या पोटातही स्वल्पविराम, आणि त्याला अवतरण चिन्ह नाही! सीएसव्हीचा ढाचा सांगणाऱ्या आरएफसी 4180 या 2005 च्या टिपणातही स्वल्पविराम असलेला मजकूर दुहेरी अवतरणात ठेवायला सांगितले आहे.

फाइलमधली एक ओळ जशीच्या तशी पाहा. रकान्यांचा क्रम नोड, भार क्रमांक, एफएक्स, एफवाय, एफझेड, एमएक्स, एमवाय, एमझेड (तीन दिशांचे बल, त्यांत एफवाय उभा, आणि तीन मोमेंट, म्हणजे वाकवणारे वा पिळणारे आघूर्ण):

7,1,2.10,1,245.60,3.20,0.00,0.00,4.85

रकाने आठ, पण ओळीत आकडे नऊ. वाचणाऱ्याला एफवाय मिळतो 1, एफझेड 245.60, आणि खरा एफझेड असलेला 3.20 एमएक्सच्या जागी जाऊन बसतो. खरा एमझेड 4.85 नवव्या रकान्यात ढकलला जातो, जो कोणी वाचतच नाही. म्हणजे 1,245.60 किलोन्यूटनचा खांब शीटमध्ये 1 किलोन्यूटनचा झाला. जमिनीची धारणक्षमता 200 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर आणि फूटिंगच्या स्वतःच्या वजनापोटी 10 टक्के धरले, तर या खांबाला 6.85 चौरस मीटर, म्हणजे 2.65 बाय 2.65 मीटरचे फूटिंग लागते. शीटने मात्र किमान माप 1.20 बाय 1.20 दिले आणि शेजारी 'ठीक' लिहिले. भार जितका कमी तितके फूटिंग सुरक्षित, हे शीटच्या दृष्टीने बरोबरच आहे.

लहान मॉडेलनी हे पकडले नाही, कारण हाताने सोडवता यावेत म्हणून त्यांतले आकडे मुद्दाम लहान ठेवलेले असतात. 6 मीटरच्या साध्या आधाराच्या बीमवर 20 किलोन्यूटन प्रति मीटर भार टाकला की मोमेंट 90 आणि टोकाची रिॲक्शन 60 येते. हजारावर एकही आकडा नाही, म्हणून स्वल्पविराम नाही, म्हणून बिघाडही दिसत नाही. आपल्या पडताळणी पुस्तिकेतली उदाहरणेही याच मापाची आहेत, तेव्हा आपल्याकडच्या चाचणीतून हे निसटले असेल तर नवल नाही.

शेवटी हे पकडले ते बेरजेने. चार आधारांच्या एका मॉडेलवर एकूण 4,200 किलोन्यूटन उभा भार आहे. खऱ्या रिॲक्शन 845.20, 996.40, 1,245.60 आणि 1,112.80, बेरीज बरोबर 4,200. शीटमध्ये आलेली बेरीज 1,843.60. हजाराखालचे दोन खांब शाबूत, वरचे दोन प्रत्येकी 1.

आता आमची चूक. फूटिंगच्या शीटमध्ये भार उचलणारी सूत्रे 'आयएफएरर' मध्ये गुंडाळलेली होती आणि चूक आली की शून्य धरत होती. शिवाय सर्वांत मोठा भार 'मॅक्सइफ्स'ने काढला होता. हे सूत्र मजकूर म्हणून आलेले आकडे मुकाट्याने सोडून देते आणि काहीच न सापडल्यास शून्य देते. क्षमतेच्या तपासणीत मागणी शून्य म्हणजे पास. आम्ही 'आयएफएरर' काढून टाकला आहे. प्रत्येक ओळीत नेमके आठ रकाने आहेत का, मथळा अक्षरशः तोच आहे का, प्रत्येक निकाल खरोखर आकडा आहे का आणि रिॲक्शनची बेरीज भाराशी 0.1 टक्क्यात जुळते का, या चार गोष्टी जुळल्याशिवाय शीट आता पुढे जातच नाही. ज्यांनी हे केलेले नाही अशी आपली इतर गिऱ्हाइके निपाणीपासून खानापूरपर्यंत असतीलच. त्यांना आपण कळवले आहे का?

रीजनल सेटिंग 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' करा, हा आपल्या प्रतिनिधीचा उपाय आम्हाला मान्य नाही. अमेरिकन सेटिंगमध्येही हजाराला स्वल्पविराम पडतोच, फरक एवढाच की लाखाचा जातो. दुखणे आहे तिथेच राहते आणि वर आमच्या जीएसटी बिलांवरचे 1,20,000 मात्र 120,000 होतात.

दुसरा बिघाड एपीआयचा, म्हणजे मॅक्रोला सॉफ्टवेअर चालवू देणाऱ्या दुव्याचा. वरच्याच बीमवरचा भार 20 वरून 25 करा, एक आधार काढून मॉडेल मुद्दाम अस्थिर करा आणि मॅक्रोतून विश्लेषण चालवा. विश्लेषण फसते, पण एपीआय शून्य, म्हणजे 'यशस्वी', परत करते आणि मोमेंट विचारला की आधीच्या वेळचाच 90 देते. जुनी आवृत्ती विश्लेषणाआधी निकालाची फाइल रिकामी करत असे, त्यामुळे निदान रिकामा सेल दिसायचा. आता शिळा आकडा ताजा म्हणून समोर येतो. आधार जागेवर ठेवून चालवल्यास 112.5 बरोबर येतो, तेव्हा गणितात खोट नाही, निकाल ठेवण्यात आहे.

तिसरा बिघाड स्टिफनेस मॉडिफायरचा, म्हणजे ताठपणा कमी धरणाऱ्या गुणकांचा, आणि तो भूकंपाच्या कामाशी निगडित आहे. आयएस 1893 (भाग 1):2016 या भूकंपाच्या भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीटच्या चौकटीत बीमचा जडत्व आघूर्ण (छेदाचा वाकण्याला होणारा विरोध) 0.35 पट आणि खांबाचा 0.70 पट धरायचा असतो. त्याच मानकानुसार बेळगाव भूकंप क्षेत्र 3 मध्ये येते, त्यामुळे इथे हा भाग चुकवता येत नाही. स्प्रेडशीटमधून बीम आयात केले की नवी आवृत्ती हे गुणक न सांगता पुन्हा 1.0 करते. 230 बाय 450 मिमीचा, एम25 प्रतीच्या काँक्रीटचा, 6 मीटरचा तोच बीम मूळच्या 20 किलोन्यूटन प्रति मीटर भारासह घ्या. गुणक 0.35 असताना मधले वाकणे शिअरचे 0.10 मिमी धरून 22.18 मिमी यायला हवे, येते 7.83. हाताने मांडलेल्या बीमवर गुणक टिकतात, फक्त आयात केलेल्यांवर जातात. 3.2 मीटरच्या मजल्याला 0.004 पट, म्हणजे 12.8 मिमी, सरकण्याची मुभा असते. तिथे इमारत खऱ्याहून ताठ दिसून पास होते. आमच्या चौदा मॉडेलमध्ये आयात केलेले बीम नव्हते, ते आता घातले आहेत.

आमच्या मागण्या सांगतो. एक्स्पोर्टमधले आकडे सेटिंग काहीही असली तरी स्वल्पविरामाविना, दशांशाला टिंब देऊन लिहिले जावेत. मथळ्यात एकक आणि फाइलच्या पहिल्या ओळीत मॉडेलचे नाव, विश्लेषणाची वेळ आणि आवृत्ती असावी, म्हणजे शिळी फाइल शीटलाच ओळखता येईल. विश्लेषण फसल्यास एपीआयने शून्य परत करू नये आणि जुने निकाल देऊ नयेत. आयातीतले गुणक बदलायचेच असतील तर तसा इशारा द्यावा. एक्स्पोर्टचा ढाचा बदलला की आवृत्तीच्या टिपणात ते ठळकपणे लिहावे. या वेळच्या टिपणात 'एक्स्पोर्टमध्ये सुधारणा' एवढे दोनच शब्द आहेत.

दुरुस्ती येईपर्यंत जुन्या आवृत्तीचा परवाना आमच्या चारही संगणकांवर विनाशुल्क चालू करून द्यावा आणि तेवढ्या काळाचे देखभाल शुल्क पुढच्या बिलातून वजा करावे. स्थैर्य प्रमाणपत्रावर सही आमची असते, आपली नाही. म्हणून उत्तर 15 दिवसांत, आणि फोनवर नको, लेखी हवे.

सोबत: बीमची दोन मॉडेल, चार आधारांचे मॉडेल, दोन्ही आवृत्त्यांतून काढलेल्या सीएसव्ही फाइल आणि ताळ्याची शीट. शीटमधली पिवळी सेल तेवढी बदला, बाकी सूत्रे कुलूपबंद आहेत.

कळावे,
आपले विश्वासू,
स्ट्रक्चरल सल्लागार, टिळकवाडी, बेळगाव